बंद कोणी केला?

‘कॉम्प्युटर आपोआप बंद होतो’ ही दुरुस्तीच्या दुकानात रोज येणारी तक्रार आहे. तिच्यावर बहुतेक ठिकाणी पहिला उपाय ठरलेला असतो: फॉरमॅट मारायचा. विंडोज नव्याने टाकली जाते, दोन दिवस सगळं सुरळीत चालतं, आणि तिसऱ्या दिवशी लग्नपत्रिकेची फाइल उघडलेली असताना स्क्रीन पुन्हा काळी होते. पैसे गेले, वेळ गेला, कधी कधी डेटाही गेला, आणि बिघाड जिथल्या तिथे.

मला इथे एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. डेस्कटॉप संगणक कधीही आपोआप बंद होत नाही. एक तर त्याला मिळणारी वीज बाहेरून तुटते, नाही तर आतला एखादा पहारेकरी धोका ओळखून ती तोडायला लावतो. प्रोसेसर जळू नये, तारा पेटू नयेत, हार्ड डिस्क खराब होऊ नये यासाठी हे पहारेकरी मुद्दाम नेमलेले असतात आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबरच असतं. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी स्वतःला विचारायचं, की बंद कोणी केला? याचं उत्तर मिळालं की बिघाड शोधायची जागा एकदम लहान होते. बरेचदा ते उत्तर एक पैसाही खर्च न करता मिळतं.

पण त्यासाठी संगणक बंद कसा होतो हे थोडं समजून घ्यावं लागेल. जुन्या संगणकांच्या कॅबिनेटवर खटकन दाबला जाणारा मोठा स्विच असे आणि सॉकेटमधून येणारी २३० व्होल्टची वीज थेट त्याच्यातून जात असे. दाबला की चालू, पुन्हा दाबला की बंद. मध्ये बोलायची सोय दुसऱ्या कोणालाच नव्हती. १९९५ साली इंटेलने एटीएक्स ही रचना आणली आणि ही व्यवस्था बदलली. आजचं बटण वीज तोडत नाही, ते मदरबोर्डला फक्त विनंती करतं. एसएमपीएस, म्हणजे सॉकेटमधल्या विजेतून संगणकाला लागणारी कमी व्होल्टेजची वीज तयार करणारा डबा, सॉकेटला जोडलेला असेपर्यंत, संगणक बंद असतानाही, जांभळ्या तारेवरून ५ व्होल्टचा बारीकसा पुरवठा मदरबोर्डला देत राहतो. बटण दाबलं की मदरबोर्ड २४ पिनांच्या रुंद कनेक्टरमधली हिरवी तार शून्य व्होल्टवर खेचतो. ती तार खाली खेचलेली आहे तोवर एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे चालू ठेवतो. हे पुरवठे स्थिर झाले की तो करड्या तारेवरून ‘वीज ठीक आहे’ असा उलट निरोप देतो आणि तेव्हाच प्रोसेसर कामाला लागतो. काही नव्या एसएमपीएसच्या सगळ्या तारा काळ्या असतात. तिथे रंग दिसणार नाहीत, पण काम तेच चालतं.

मदरबोर्डने हिरवी तार सोडली की संगणक बंद. एसएमपीएसने करड्या तारेवरचा निरोप मागे घेतला की बंद किंवा रीस्टार्ट. हिरवी तार सोडायला मदरबोर्डला विंडोज सांगू शकते, पुढचं बटण सांगू शकतं, तापलेला प्रोसेसर सांगू शकतो किंवा बोर्डावरचं एखादं संरक्षक सर्किट सांगू शकतं. बाहेरची वीजच गेली नसेल, तर आपले संशयित इतकेच.

आता एक वही घ्या. संगणक प्रत्येक वेळी किती वाजता बंद झाला, चालू करून किती वेळ झाला होता, तेव्हा काय काम चाललं होतं आणि बंद झाल्यावर बटणाला लगेच प्रतिसाद मिळाला का, एवढं लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांच्या अशा नोंदी भारीतल्या मल्टिमीटरपेक्षा जास्त सांगतात, असं माझं ठाम मत आहे.

बटण दाबल्यावर पंखा जेमतेम हलला आणि एक-दोन सेकंदांत सगळं थांबलं, तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा एसएमपीएसला सुरुवातीचा भारही पेलत नाही. दर वेळी चार-पाच सेकंदांनी बंद होत असेल तर संशय बटणावर घ्या. ते चार सेकंदांहून जास्त वेळ दाबून धरलं तर संगणक जबरदस्तीने बंद करायचा, असा नियम आहे. धुळीने किंवा झिजेने बटण आतच अडकून राहिलं की मदरबोर्डला वाटतं, कोणीतरी बोट दाबून धरलंय. यावरचा इलाज फार सोपा आहे. कॅबिनेटच्या पुढच्या भागातून येणाऱ्या तारांपैकी ‘पॉवर स्विच’ लिहिलेली दोन पिनांची टोपी मदरबोर्डवरून काढा आणि त्याच दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून संगणक चालू करा. आता तो चालू राहिला तर बिघाड बटणात होता. रीसेटचं बटण रिकामंच असतं, त्याची टोपी इथे लावली की तेच चालू करायचं बटण होतं आणि नवीन काही आणावं लागत नाही.

पाच-दहा मिनिटं चालून बंद होणं, आणि लगेच चालू केल्यास त्याहून लवकर बंद होणं, ही उष्णतेची खूण आहे, कारण दुसऱ्या वेळी सुरुवातच तापलेल्या अवस्थेतून होते. गेम सुरू होताक्षणी किंवा व्हिडिओ रेंडरला लावताक्षणी बंद झाला तर एसएमपीएस कमी पडतोय. तेच काम दहा मिनिटं चालल्यावर बंद झाला तर ताप वाढतोय. दोन्ही तक्रारी तोंडी सांगताना ‘गेम खेळताना बंद होतो’ अशाच सांगितल्या जातात आणि तिथेच मेकॅनिक चुकीच्या वाटेला लागतो. वेळेचा किंवा कामाचा काहीच मेळ बसत नसेल, पण पाण्याची मोटर किंवा फ्रिज सुरू होतानाच संगणक जात असेल, तर कॅबिनेट उघडायच्या आधी वायरिंग आणि यूपीएस बघायला हवं.

बंद झाल्यावरचं वागणंही तितकंच बोलकं असतं. एसएमपीएसच्या आतल्या संरक्षणाने वीज तोडली असेल, तर अनेक एसएमपीएस तिथेच अडकून बसतात. कितीही बटण दाबा, काही होत नाही. भिंतीवरचा स्विच बंद करून थोडं थांबलं आणि पुन्हा लावला की मग तो उठतो. उष्णतेमुळे बंद झालेला संगणक सहसा बटणाला लगेच दाद देतो आणि पुन्हा लवकर जातो.

तपास पुढे नेण्याआधी महत्त्वाच्या फाइल आणि टॅलीतला हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. हे नेहमीचं सांगणं म्हणून सोडून देऊ नका. वीज अचानक गेली की फिरत्या हार्ड डिस्कच्या तबकड्या त्यांच्याच गतीतून थोडी वीज निर्माण करतात आणि तेवढ्या विजेवर वाचणारी सुई सुरक्षित जागी परत नेली जाते. डिस्क स्वतःला अशी वाचवते, पण त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल मात्र अर्धवट राहते. रोज चार वेळा बंद पडणाऱ्या संगणकावर आज ना उद्या अशी एखादी फाइल बिघडणारच.

यानंतर विंडोजची साक्ष. स्टार्टच्या चिन्हावर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात विंडोज लॉग्ज आणि मग सिस्टिम. संगणक बंद झाला त्या वेळेच्या आसपास १०७४ क्रमांकाची नोंद असेल तर तो रीतसर बंद केला गेला आहे. कोणत्या प्रोग्रामने किंवा कोणत्या वापरकर्त्याने तो बंद केला, त्याचं नावही तिथेच असतं. अपडेट, वेळापत्रकात टाकलेलं एखादं काम किंवा यूपीएससोबत आलेलं सॉफ्टवेअर इथे सापडतं. एक प्रकार अनेकांना माहीत नसतो: विंडोजच्या एंटरप्राइझ आवृत्तीची चाचणीसाठीची प्रत मुदत संपल्यावर दर तासाला संगणक बंद करते. कोणीतरी ‘ओरिजिनल’ म्हणून तीच प्रत टाकून दिलेली असेल तर इथे एसएमपीएस बदलून काहीही होणार नाही.

१०७४ नसेल तर ४१ क्रमांकाची, ‘कर्नल-पॉवर’ नावाची नोंद दिसेल. ही नोंद वाचून लोक घाबरतात आणि ‘कर्नल-पॉवर एरर’ नावाच्या आजारावर औषध शोधत बसतात. ही नोंद बंद होताना होतच नाही. पुढच्या वेळी चालू झाल्यावर विंडोजच्या लक्षात येतं की मागच्या खेपेला आपण नीट निरोप घेतला नव्हता, आणि तेवढंच ती लिहून ठेवते. या नोंदीच्या तपशिलात ‘बगचेककोड’ शून्य असेल, तर वीज इतक्या झटक्यात गेली की विंडोजला काही लिहायला अवधीच मिळाला नाही असा सहसा अर्थ होतो. कोड शून्य नसेल, तर निळी स्क्रीन येऊन गेली आहे आणि विंडोज स्वतःच रीस्टार्ट झाली आहे. अशा वेळी सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’खाली आपोआप रीस्टार्ट करण्याची खूण काढून टाका, म्हणजे पुढच्या वेळी निळी स्क्रीन थांबून राहील आणि तिच्यावरचा मजकूर वाचता येईल. खराब रॅम आणि बिघडलेले ड्रायव्हर इथे सापडतात. ते संगणक गोंधळात टाकतात किंवा रीस्टार्ट करतात. वीज तोडण्याचं काम त्यांचं नव्हे.

फॉरमॅट मारण्याची सवय कुठून आली असावी, याबद्दल माझा एक अंदाज आहे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म जगभर पसरला. विंडोज एक्सपी आणि २००० मधल्या आरपीसी सेवेतल्या एका त्रुटीतून तो शिरत असे. ती सेवा कोसळली की स्क्रीनवर ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू होऊन संगणक रीस्टार्ट होत असे. पुढच्याच वर्षी सॅसर नावाच्या वर्मने जवळपास तेच केलं. त्या काळात ‘बंद होतो म्हणजे व्हायरस’ हे समीकरण खरंच लागू होतं. पण त्या वर्मने बंद करताना मोजणी दाखवली होती, कारण विंडोजला रीतसर बंद करायला लावलं जात होतं. कसलीही सूचना न देता, दिवे मालवल्यागत जाणारा संगणक व्हायरसने गेलेला नसतो असं समजून चालायला हरकत नाही.

विंडोजला पूर्ण निर्दोष ठरवायची फुकट चाचणी आहे. संगणक चालू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये शिरा आणि तो तसाच अर्धा तास सोडून द्या. तिथे विंडोज सुरूच झालेली नसते. तरीही संगणक बंद पडला तर फॉरमॅटचा विचार कायमचा डोक्यातून काढा.

आता उष्णता. डेस्कटॉपचा प्रोसेसर दीड ते अडीच चौरस सेंटिमीटरच्या चिपमधून ६५ ते १२५ वॉट, काही वेळा त्याहूनही जास्त उष्णता बाहेर टाकतो. ती ओढून घेणारा हीटसिंक काढून घेतला तर काय होतं, हे सप्टेंबर २००१ मध्ये थॉमस पाब्स्ट यांच्या टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चालत्या संगणकांवर करून चित्रफितीत दाखवलं. गेम चालू असतानाच प्रोसेसरवरचा हीटसिंक उचलला. पेंटियम ४ मंदावला, पण चालत राहिला, आणि हीटसिंक परत ठेवताच पूर्ववत झाला. पेंटियम ३ थांबला, पण वाचला. एएमडीचे दोन्ही ॲथलॉन मात्र जळून गेले. त्या चित्रफितीने मोठी खळबळ उडाली, आणि प्रोसेसरने स्वतःला वाचवलंच पाहिजे ही अपेक्षा रुजायला तिने हातभार लावला.

आजच्या प्रोसेसरमध्ये हे संरक्षण दोन टप्प्यांत होतं. तापमान ठरावीक मर्यादेला पोचलं की तो आपला वेग कमी करतो. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत ९५. तरीही ताप वाढतच गेला, तर इंटेलच्या बाबतीत १३० अंशांच्या आसपास, तो मदरबोर्डला थेट इशारा देतो आणि मदरबोर्ड विंडोजची वाट न बघता हिरवी तार सोडतो. यातून निघणारी एक गोष्ट फार उपयोगाची आहे. आधुनिक संगणक उष्णतेमुळे बंद झाला असेल तर त्याआधी तो बराच मंदावलेला असतो आणि पंखा जोरात ओरडत असतो. शांतपणे चाललेला संगणक एकाएकी गेला तर पहिला संशय प्रोसेसरच्या तापावर घेऊ नका.

दुसरं असं की नव्या प्रोसेसरला बंद पाडण्यापर्यंत तापवायला नुसती धूळ सहसा पुरत नाही. धुळीने तो मंदावतो. बंद पडतो तेव्हा हीटसिंकचा प्रोसेसरशी स्पर्शच सुटलेला असतो किंवा पंखा पूर्ण थांबलेला असतो. इंटेलबरोबर मिळणारा गोल कूलर चार प्लास्टिकच्या पायांनी बोर्डात खोचलेला असतो. घर बदलताना संगणक टेंपोतून नेला, कॅबिनेट आडवं-उभं आपटलं, की त्यातला एखादा पाय निसटतो आणि कूलर एका बाजूने केसभर उचलला जातो. वरून बघताना सगळं ठाकठीक दिसतं. बोटाने हळूच हलवून बघा. कूलर हलता कामा नये. हलत असेल तर चारही पाय सोडवून, जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, नवी वाटाण्याएवढी लावून, समोरासमोरचे पाय आलटून पालटून दाबत तो बसवा. पाय बसला की ‘टक्’ असा आवाज येतो आणि बोर्डाच्या मागच्या बाजूने त्याचं टोक फुललेलं दिसतं.

जुन्या मदरबोर्डांत आणखी एक पहारेकरी असतो. बायोसच्या ‘पीसी हेल्थ’ पानावर ‘शटडाउन टेंपरेचर’ नावाची मर्यादा असते आणि ती कधी कधी ६० किंवा ६५ अंशांवर ठेवलेली असते. खोलीचं तापमान जितकं वाढतं, तितकंच त्याच कामाला प्रोसेसरचं तापमानही वाढतं. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ५० वर असतो, तो मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या ४० अंशांच्या खोलीत ६५ वर जातो. त्यात काहीच बिघडलेलं नसतं. हिवाळ्यात बरा आणि उन्हाळ्यात दुपारी बंद, अशी तक्रार असेल तर हे पान आधी बघा.

साफसफाई गॅलरीत करा. पंखा हीटसिंकवरून काढल्याशिवाय खरी धूळ दिसत नाही. ती पंखा आणि पात्यांच्या मध्ये नमद्यासारखी घट्ट बसलेली असते. मऊ ब्रश आणि ब्लोअर पुरेसे आहेत, ओलं फडकं नको. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाही तर तो नको तितका वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. उष्णतेचा संशय खात्रीत बदलायचा असेल तर कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून टेबल फॅन आत रोखून ठेवा. पूर्वी दहा मिनिटांत बंद होणारा संगणक आता तासभर चालला तर उत्तर मिळालं.

माझ्या मते मात्र, काहीही सूचना न देता जाणाऱ्या डेस्कटॉपच्या बाबतीत सगळ्यात जास्त संशय एसएमपीएसवरच घ्यायला हवा. आपल्याकडे असेंबल केलेल्या संगणकात याच भागावर सर्वांत जास्त काटकसर होते. कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट मिळालेल्या एसएमपीएसवर ४५० वॉट असं ठळक छापलेलं असतं. तो आकडा बाजूला ठेवा आणि लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. १६ अँपिअर असतील तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही मुख्यतः १२ व्होल्टवरच चालतात, त्यामुळे तुमच्या कामाची खरी ताकद तेवढीच. उरलेले वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत भरलेले असतात आणि आजच्या संगणकाला ते फारसे लागत नाहीत.

मागणी ताकदीपलीकडे गेली की चांगला एसएमपीएस स्वतःला बंद करतो. वाईट एसएमपीएस व्होल्टेज पडू देतो. नियमाप्रमाणे १२ व्होल्टचा पुरवठा ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टचा ४.७५ ते ५.२५ यांच्या दरम्यान राहायला हवा. जुन्या हार्ड डिस्कला लागणारा चार पिनांचा मोकळा कनेक्टर असेल तर मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून काळ्या आणि पिवळ्या तारेत १२, काळ्या आणि लाल तारेत ५ मोजता येतात. संगणक जड काम करत असताना मोजा. रिकाम्या बसलेल्या संगणकावर जवळपास कोणताही एसएमपीएस पास होतो. याच कारणाने हिरवी आणि काळी तार पेपरक्लिपने जोडून पंखा फिरवून दाखवण्याच्या चाचणीवर मी विसंबत नाही. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस मेलेला नाही, इतकंच तिच्यातून कळतं.

मल्टिमीटरलाही न दिसणारा एक प्रकार आहे. मोठी ग्राफिक्स कार्डं क्षणभरासाठी त्यांच्या छापील वॉटपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतात. २०२० साली आलेल्या आरटीएक्स ३०८० आणि ३०९० यांची छापील मागणी ३२० आणि ३५० वॉट होती, पण त्यांच्या क्षणिक उसळ्यांनी चांगल्या कंपन्यांचे एसएमपीएसही संरक्षणात जाऊन बंद पडू लागले. २०२२ मध्ये इंटेलने एटीएक्स ३.० हा नवा नमुना जाहीर केला. त्यात १०० मायक्रोसेकंदांपुरती दुप्पट मागणी एसएमपीएसने सोसली पाहिजे असं बंधन आलं. मोठं कार्ड घेताना एसएमपीएसवर एटीएक्स ३.० ची खूण आहे का ते बघून घ्या.

एसएमपीएस आणि मदरबोर्ड या दोन्हींत म्हातारपण पहिल्यांदा दिसतं ते कपॅसिटरवर. प्रोसेसरच्या भोवती उभ्या असलेल्या या छोट्या नळकांड्यांचं डोकं सपाट असतं आणि त्यावर फुली किंवा इंग्रजी ‘के’सारखी खाच असते. आत वायू साचला तर तिथून वाट मिळावी म्हणून ती कोरलेली असते. डोकं फुगलेलं असेल किंवा खाचेतून तपकिरी खर बाहेर आली असेल तर तो कपॅसिटर गेला. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला सदोष द्रावण भरलेले कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांवर बसवले गेले आणि दोन-तीन वर्षांत फुगून फुटू लागले. डेलच्या ऑप्टिप्लेक्स मालिकेतल्या काही संगणकांना त्याचा फार मोठा फटका बसला. २००५ साली कंपनीने त्यापोटी ३० कोटी डॉलरचा खर्च दाखवला. तो काळ संपला, पण कपॅसिटरचं आयुष्य आजही तापमानावरच ठरतं: १० अंश जास्त तापला तर आयुष्य साधारण निम्मं. चांगला कारागीर १०५ अंशांच्या प्रतीचे, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे आणि तेवढ्या किंवा जास्त व्होल्टेजचे कपॅसिटर टाकून मदरबोर्ड वाचवू शकतो. नव्या बोर्डांवर बहुधा घन पॉलिमरचे कपॅसिटर असतात, ते असे फुगत नाहीत.

एसएमपीएस स्वतः उघडू नका. २३० व्होल्टचा पुरवठा आत सरळ केला की मुख्य कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट जमतात, काही रचनांमध्ये चारशेच्या जवळपास, आणि प्लग काढल्यानंतरही ते काही काळ तिथेच राहतात. पक्कं निदान अदलाबदलीनेच होतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून नवा आणण्याआधी ओळखीतल्या कोणाचा तरी चालू एसएमपीएस तासाभरासाठी मागून लावून बघा. जुन्या एसएमपीएसच्या मागे लाल सरकता स्विच असतो, तो २३० वर आहे याची खात्री करून मगच चालू करा. ११५ वर राहिला तर आपल्या विजेवर तो धडाक्याने जळतो.

यूपीएस हा संगणकाला वाचवायला आणलेला भाग, पण बंद पडण्याचं कारण म्हणून तो वारंवार सापडतो. चांगला एसएमपीएस वीज तुटल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो आणि तेवढ्यात यूपीएसने भार बॅटरीवर घ्यायचा असतो. आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. वीज चालू असताना यूपीएसचा दिवा हिरवाच दिसतो, पण वीज क्षणभर गेली तरी बॅटरीला भार पेलत नाही आणि संगणक जातो. घरातले दिवे नुसते लुकलुकलेले असतात, म्हणून कोणाला विजेचा संशय येत नाही. काम सेव्ह करून यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. संगणक त्याच क्षणी गेला तर बॅटरी बदला. मग उलट चाचणी म्हणून संगणक थेट भिंतीवर दिवसभर चालवा. ६०० व्हीएचे बरेचसे यूपीएस जेमतेम ३६० वॉट देतात, त्यावर लेझर प्रिंटर कधीही लावू नका. काही नव्या एसएमपीएसचं आणि स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरीचं पटत नाही, बॅटरी चांगली असूनही अदलाबदलीच्या क्षणी एसएमपीएस बंद होतो. यूपीएस यूएसबी केबलने जोडलेला असेल तर विंडोज त्याला लॅपटॉपची बॅटरी समजते आणि तिची पातळी कमी वाटली की रीतसर शटडाउन करते. ही नोंद लॉगमध्ये सापडते.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमुळे अर्थिंगविना कॅबिनेटवर मुख्य विजेच्या निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. संगणक बंद होण्याचं कारण हेच असेल असं नाही, पण इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवा.

उरलेली कारणं छोटी आहेत, पण सापडली की फार समाधान देतात. पुढच्या यूएसबी पोर्टमधली पट्टी वाकून दुसरीला टेकली तर काही असूस बोर्ड स्क्रीनवर स्पष्ट लिहितात की यूएसबी उपकरण जास्त करंट ओढतंय आणि १५ सेकंदांत संगणक बंद होईल. तिथे पुढच्या पोर्टची केबल बोर्डावरून काढली की काम झालं. मदरबोर्डखाली सुटून पडलेला स्क्रू किंवा चुकीच्या जागी राहिलेला, बोर्ड टेकवायचा पितळी ठोकळा बोर्डाच्या मागच्या बाजूला शॉर्ट करतो. प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा कनेक्टर सैल बसून पिवळा पडलेला किंवा वितळलेला असू शकतो. हे काहीच दिसलं नाही तर सगळं काढून टाका. फक्त बोर्ड, प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस ठेवून चालू करा आणि एकेक भाग परत जोडत जा. बोर्डावर स्क्रीनची सोय असेल तर ग्राफिक्स कार्डही बाहेरच ठेवा. जो भाग जोडल्यावर संगणक गेला, त्याच्यापाशी थांबा.

मेकॅनिककडे जावं लागलंच तर वहीचं पान बरोबर न्या. चालू झाल्यापासून किती वेळाने बंद होतो, बायोसमध्येही होतो का, थेट भिंतीवरही होतो का, बटणाला लगेच दाद देतो का, या चार उत्तरांवर जाणकार माणूस एसएमपीएस, कूलर की बोर्ड हे बहुतेक वेळा तिथेच ओळखतो. दुरुस्ती झाल्यावर पैसे देण्याआधी त्याला प्राइम९५ लावून अर्धा-पाऊण तास चालवून दाखवायला सांगा. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये मोठ्या मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी हा प्रोग्राम लिहिला. तो प्रोसेसरला इतकं सलग राबवतो की संगणकाची कसोटी म्हणूनच तो जास्त वापरला जाऊ लागला. शेजारी तापमान दाखवणारी खिडकी उघडी ठेवा. नवा एसएमपीएस घेतला असेल तर बिलावर नुसतं ‘एसएमपीएस ४५० वॉट’ लिहू देऊ नका. मॉडेल नंबर आणि १२ व्होल्टचे अँपिअर लिहून घ्या.